साहाय्य, ऋण आणि पाणी : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात विदेशी साहाय्याचा विचार

विदेशी साहाय्य या विषयावर गेल्या पाऊणशे वर्षांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन दिल्ली, वॉशिंग्टन आणि पॅरिस येथील दप्तरांच्या आधारे झालेले आहे. करार कोणत्या दोन पक्षांत झाला, रक्कम किती, फेडीची मुदत किती, अटी कोणत्या, यांची चर्चा त्यात सविस्तर असते. ज्या भूमीवर त्या रकमेचे बांधकाम उभे राहिले तिचा उल्लेख मात्र बहुधा परिशिष्टातील नकाशापुरताच येतो. प्रस्तुत लेखात ही दृष्टी उलटी करून, ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत उभे राहून या व्यवहाराकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे शब्दांच्या इतिहासाला येथे अर्थशास्त्रज्ञांस रुचेल त्याहून थोडी अधिक जागा मिळाली आहे. परंतु देणे, घेणे, उसने, कर्ज, मदत या शब्दांखाली कोणते संबंध लपलेले आहेत हे उकलल्यावाचून साहाय्याचा इतिहास लिहिता येईल असे वाटत नाही.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच राहिले. उत्तरेस कसाऱ्याचा थळघाट, दक्षिणेस माळशेज आणि नाणेघाट; मधून तानसा, भातसा, शाई आणि काळू या नद्या वाहतात. पावसाळ्यात येथे पाण्याला तोटा नसतो आणि चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यावर हंड्यांच्या रांगा लागतात. भात, नाचणी आणि वरी ही पिके. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली यांच्या वस्त्या. कुणबी व आगरी शेतकरी. मुंबईपासून हा मुलूख रेल्वेने दोन-अडीच तासांच्या आत आहे. मुंबईचे हे सान्निध्यच त्याच्या आधुनिक इतिहासाचे मुख्य कारण ठरले.

परक्याने दिलेल्या देणगीचा लेखी पुरावा या परिसरात दोन हजार वर्षांइतका जुना आहे, ही गोष्ट विकासशास्त्राच्या अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. मुरबाडकडून नाणेघाट चढून जुन्नरास जाणारा मार्ग हा सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांना देशाशी जोडणारा राजमार्ग होता. घाटमाथ्यावरील लेण्यातील नागनिका राणीच्या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांची आकड्यांसह यादी आहे. तेथून पुढे जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचे नमूद केले आहे. परदेशी माणसाने या डोंगरात पाण्यासाठी केलेल्या खर्चाची ही एक अत्यंत जुनी नोंद होय. तिच्यासाठी लेखात आलेला शब्द 'देयधम' असा आहे. 'देयधर्म' ही संज्ञा परतफेडीची अपेक्षा पूर्णपणे वगळते. दात्याला मिळावयाचे ते पुण्य, आणि त्याचा हिशेब ऐहिक वह्यांत होत नाही.

याच्या अगदी शेजारी, परंतु निराळ्या जातीचा व्यवहार नासिकच्या पांडवलेण्यात दिसतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात हा शक, म्हणजे वंशाने परकाच. त्याच्या वर्ष ४२ च्या लेखात तीन हजार कार्षापणांच्या 'अखयनिवी'ची, अक्षय ठेवीची, हकीकत आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले. पहिल्या ठेवीच्या वृद्धीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. दोन हजारांवर वर्षाला दोनशे चाळीस येतात, म्हणजे हिशेब बरोबर जमतो. मुद्दल मात्र परत द्यावयाचे नाही, फक्त वाढ भोगावयाची, असे लेखात स्पष्ट केले आहे. मुद्दल आणि 'वढि' यांतील हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक आनंद मिळतो : पाऊण या अर्थी लेखात आलेला 'पायून' हा शब्द आजच्या मराठी 'पाऊण'चा सरळ पूर्वज आहे, आणि 'वढि' हा 'वाढी'चा.

ही 'वाढी' पुढे कोठे गेली हे पाहू लागल्यास आपण पांडवलेण्यातून थेट सावकाराच्या ओट्यावर येतो. मराठीतील 'वाढीदिढी' हा जोडशब्द धान्याच्या उसनवारीचा आहे : पावसाळ्याच्या तोंडाशी एक मण न्यावा आणि सुगीला दीड मण परत करावा. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात या पोटासाठी घेतलेल्या उसन्याला 'खावटी' म्हणतात. लग्नासाठी पैसे उचलून त्याच्या फेडीत सावकाराकडे अथवा जमीनदाराकडे राबणारा तो 'लग्नगडी'. १९३९ च्या सिमिंग्टन यांच्या अहवालात मुंबई प्रांतातील आदिवासींच्या कर्जबाजारीपणाचे व वेठीचे जे चित्र आले आहे, ते याच शब्दांच्या आसपासचे आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणू भागात वेठ व लग्नगडी यांविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. सरकारी कर्जासाठी तोवर 'तगाई' हा शब्द रूढ झाला होता. मूळ अरबी 'तकावी' म्हणजे बळ देणे; शेतकऱ्याला बळ देण्याच्या कल्पनेतून निघालेला हा शब्द मराठीत मात्र तहसीलदाराच्या वसुलीशी कायमचा जोडला गेला. शब्दाचा अर्थ व्युत्पत्ती ठरवीत नाही, वसुलीची पद्धत ठरविते, असेच यावरून म्हणावे लागते.

इतकी पूर्वपीठिका मांडण्याचे कारण असे की, १९४७ नंतर विदेशी साहाय्य या मुलुखात आले ते कोऱ्या पाटीवर आले नाही. येथील माणसाजवळ त्या व्यवहारासाठी तीन साचे अगोदरच तयार होते : परत न करावयाचे देयधर्म, मुद्दल अक्षय ठेवून चालणारी ठेव, आणि पिढी गहाण टाकणारी खावटी. नवा व्यवहार यांपैकी कोणत्या साच्यात बसतो, हा प्रश्न करारांत कधी विचारला गेला नाही.

नव्या व्यवहाराचा सिद्धान्त थोडक्यात असा होता. २० जानेवारी १९४९ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी अविकसित देशांना तांत्रिक ज्ञान पुरविण्याचा जो चौथा मुद्दा मांडला, त्यातून तांत्रिक सहकार्याची कल्पना पुढे आली. कोलंबो योजना त्याच सुमाराची. अर्थशास्त्रज्ञांनी तिला भांडवलाच्या तुटवड्याची जोड दिली. १९६६ मध्ये चेनरी व स्ट्राउट यांनी मांडलेल्या विवेचनाप्रमाणे विकसनशील देशाला देशांतर्गत बचत आणि परकीय चलन या दोन तुटी भेडसावतात आणि बाहेरील मदत ती दरी बुजविते. दरी एकदा बुजली की साहाय्याची गरज आपोआप संपावी. या मांडणीतील देश हा एकजीव पदार्थ आहे. त्यात शहापूर आणि मुंबई असे दोन भाग पडत नाहीत. पुढील सर्व अडचणी येथूनच सुरू होतात.

५ जानेवारी १९५२ रोजी भारत व अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला देशभर ५५ सामूहिक विकास योजनांचा प्रारंभ झाला. फोर्ड प्रतिष्ठानचेही तिला पाठबळ होते. या कार्यक्रमाने ग्रामीण महाराष्ट्राला दिलेली सर्वात टिकाऊ वस्तू म्हणजे त्याची पदनामे होत, असे म्हटल्यास ती निव्वळ थट्टा ठरू नये. 'ब्लॉक' हा शब्द तालुक्यात मुरला. 'विस्तार अधिकारी' हे नाव तर अधिकच उद्बोधक आहे. अमेरिकेतील कृषिविद्यापीठांचे ज्ञान शेतापर्यंत नेणे, विद्यापीठाचा विस्तार करणे, हा मूळ संज्ञेचा अर्थ. मराठीत येताना विद्यापीठ गळून पडले आणि केवळ विस्तार उरला. कशाचा विस्तार, हे पदनामावरून कळेनासे झाले. १९६१ च्या अधिनियमान्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या, तेव्हा गटविकास अधिकारी व विस्तार अधिकारी हे त्या यंत्रणेचे कायमचे घटक बनले. परकीय सहकार्य संपले, त्याची भाषा आस्थापनेत राहिली.

याउलट भातशेतीच्या जपानी पद्धतीचा अनुभव आहे, आणि तो अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. बोरिवलीच्या कोरा केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले आणि १९५३ मध्ये तिचा देशव्यापी प्रचार हाती घेण्यात आला. गादीवाफ्यावर रोप करणे, विरळ बी टाकणे, ठरावीक अंतरावर ओळीत लावणी करणे, कोळपणी आणि भरपूर खत, असे तिचे स्वरूप होते. येथे कर्ज नव्हते, करार नव्हता. होते ते निव्वळ ज्ञान, दुसऱ्या भातखाऊ देशाकडून आलेले. कोकणातील शेतकऱ्यापुढे ती पद्धत आली तेव्हा तिची गाठ 'राबा'शी पडली. शहापूर-मुरबाडात रोपाची जमीन भाजण्याची रीत जुनी आहे : शेण, पालापाचोळा, झाडांची तोडलेली टहाळी यांचे थर पसरावयाचे, वर माती टाकावयाची आणि पावसाळ्यापूर्वी पेटवून द्यावयाचे. त्यामुळे तणाचे बी जळते आणि रोप जोमाने वर येते. या टहाळीसाठी जंगल लागते. म्हणूनच १८८०-९० च्या दशकात ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी नेमलेल्या वनआयोगापुढे राबाच्या हक्काचा प्रश्न इतक्या तीव्रतेने आला. वनखात्याच्या दृष्टीने राब ही नासधूस होती, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते खत, तणनाशक आणि विमा यांचे एकत्रित रूप होते, तेही विनामूल्य.

जपानी पद्धतीचा प्रचार करणाऱ्याला राबाच्या जागी अमोनियम सल्फेटची गोणी ठेवावयाची होती. गोणी रोखीने मिळते आणि रोख सावकाराकडून मिळते, एवढी साधी गोष्ट प्रचारपत्रकांत नसे. तथापि ही पद्धत फुकट गेली असे मात्र नाही. पाण्याची सोय असलेल्या, जरा बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांनी तिच्यातील ओळीची लावणी व विरळ बी घेतले, बाकीचे सोडले; चढावरच्या वरकस जमिनीत राब आणि नाचणी-वरी तशीच राहिली. घेणाऱ्याला निवडण्याची मुभा होती, आणि न घेतल्यास काही फेडावे लागत नव्हते. तांत्रिक सहकार्याच्या सिद्धान्ताने जे वचन दिले होते त्याच्या सर्वांत जवळ हाच अनुभव जातो असे माझे मत आहे. त्याच्या नावे कोठे कोनशिला नाही, हाही कदाचित त्याच गुणाचा भाग असावा.

धान्यसाहाय्याबद्दल येथे थोडक्यातच लिहावयाचे आहे, कारण त्याची झळ या दोन तालुक्यांपेक्षा शहरी शिधापत्रिकेला अधिक लागली. अमेरिकेच्या १९५४ च्या सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० खाली भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ च्या अखेरीस झाला. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तिसऱ्या दिवशी, केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील व अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉशिंग्टनला केला : चार वर्षांत १ कोटी ६० लक्ष टन गहू व १० लक्ष टन तांदूळ. किंमत रुपयांत द्यावयाची आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साठावयाचे, अशी ही विक्री होती. हा साठा इतका वाढला की फेब्रुवारी १९७४ मध्ये १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताला परत देऊन तो प्रश्न मिटवावा लागला. स्वस्त परदेशी धान्यामुळे देशी शेतकऱ्याच्या भावाला धक्का बसतो, ही शंका शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच मांडली होती.

लोकभाषेने या व्यवहाराची आठवण तीन शब्दांत ठेवली आहे. 'मिलो' ही लाल ज्वारी १९७२-७३ च्या दुष्काळातली. लोक तिला आजही अमेरिकेची मदत म्हणतात. वस्तुतः सवलतीची विक्री भारतापुरती १९७१ मध्ये थांबली होती आणि त्या दुष्काळातील आयात मुख्यतः रोख खरेदीची होती. दुष्काळी कामांवर वाटली जाणारी 'सुकडी' हा दुसरा शब्द. गुजरातीतील 'सुखडी' हे गुळतुपाचे पक्वान्न आहे, मराठीत ते दुष्काळाचे अन्न झाले. तिसरा शब्द 'काँग्रेस गवत' अथवा 'गाजरगवत'. हे तण अमेरिकी गव्हाबरोबर आले, अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास झालेली आहे आणि कायदा ४८० खालचा पहिला करार त्याच्या नंतरचा आहे. १९५१ मध्ये अमेरिकेने दिलेल्या गहूकर्जातील धान्याबरोबर ते आले असणे कालदृष्ट्या अशक्य नाही. मात्र क्रमांक ४८० वर ठेवला जाणारा आरोप तारखांच्या कसोटीला उतरत नाही. लोकांनी विकत घेतलेल्या धान्याला मदत म्हटले आणि मदतीपूर्वीच्या तणाचा दोष मदतीवर ठेवला. या दोन्ही चुका एकाच अनुभवातून निघाल्या आहेत : जे वरून येते, ज्याची निवड आपण केलेली नसते, त्याची नावे वेगवेगळी ठेवण्याचे कारण घेणाऱ्याला उरत नाही.

आता भातसा नदीकडे वळू. मुंबईच्या पाण्यासाठी शहापूरचे डोंगर अडविण्याची परंपरा विदेशी साहाय्याच्या फार पूर्वीची आहे. तानसा धरण १८९२ चे. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ चा. महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव त्याला दिले आहे. ही दोन्ही कामे मुंबईने आपल्या पतीवर केली. भातसा धरणाची योजना मात्र राज्याच्या पाटबंधारे खात्याची, मूळ उद्देश सिंचन, वीज आणि शहराचे पाणी असा संमिश्र. ८८ मीटरहून अधिक उंचीचे हे धरण १९८३ मध्ये पूर्ण झाले.

धरणाचे पाणी मुंबईस नेण्याचे काम अवाढव्य होते. पाणी नदीपात्रातून खाली सोडावयाचे, भिवंडी तालुक्यातील पिसे येथे बंधाऱ्यावर उचलावयाचे, पांजरापूर येथे शुद्ध करावयाचे आणि मोठ्या वाहिन्यांनी शहराकडे न्यावयाचे. या पाणीपुरवठा व मलनिःसारण प्रकल्पासाठी जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाने १९७३ मध्ये ५५ दशलक्ष डॉलर व १९७८ मध्ये १९६ दशलक्ष डॉलर मंजूर केले. १९८७ मध्ये तिसऱ्या टप्प्यासाठी बँकेचे नेहमीचे कर्ज आणि संघाची सवलतीची रक्कम यांचे मिश्रण देण्यात आले. तीन टप्प्यांपैकी प्रत्येकाने मुंबईच्या पुरवठ्यात दररोज ४५.५ कोटी लिटरची भर घालावयाची होती.

संघाच्या परिभाषेत ही रक्कम 'कर्ज' नव्हे. बँक देते ते कर्ज आणि संघ देतो ते पतसाहाय्य, असा भेद ती संस्था काटेकोरपणे पाळते. अटी अशा : फेड पन्नास वर्षांत, पहिली दहा वर्षे मुद्दल नाही, व्याज नाही, केवळ वार्षिक शेकडा पाऊण सेवाआकार. उषवदाताचा पाऊण येथे पुन्हा भेटतो, तो दरमहाचा आणि हा दरसालचा एवढाच फरक. मराठी वृत्तपत्रांनी मात्र हा भेद कधी मानला नाही. एकाच बातमीच्या मथळ्यात 'मदत' आणि मजकुरात 'कर्ज' असे शब्द सर्रास येतात. हा निष्काळजीपणा आहे असे मला पूर्वी वाटे; अधिक विचारांती त्यात तथ्य दिसते. कारण वॉशिंग्टनहून निघालेली सवलत दिल्लीत थांबते. केंद्र सरकार ऋणको असते. ते ही रक्कम आपल्या दराने व आपल्या मुदतीने खाली देते, आणि महापालिकेच्या वहीत ती साधे कर्जच होते. नळाच्या टोकाशी पोचेपर्यंत अक्षयनीवीची वाढीदिढी झालेली असते.

येथे हान्स सिंगर यांनी १९६५ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न लागू पडतो. साहाय्य एखाद्या प्रकल्पाला दिले असे आपण म्हणतो, परंतु तो प्रकल्प त्या देशाने एरवीही हाती घेतलाच असता, तर साहाय्याने खरोखर शक्य केले ते वेगळेच, यादीच्या शेवटी असलेले काम होय. मुंबईने भातसाचे पाणी कधीतरी आणलेच असते. तानसा आणि मोडकसागर हे त्याचे प्रमाण आहेत. मग त्या डॉलरांनी नेमके काय केले? काम लवकर झाले, मलनिःसारणाची जोड मिळाली, हिशेबाची व पाणीपट्टीची शिस्त आली, असे उत्तर बँकेचे अभ्यासक देतात आणि त्यात खोटे काही नाही. परंतु शहापुरातून पाहिल्यास आणखी एक परिणाम दिसतो. धरणाच्या अनेक उद्देशांपैकी ज्या एका उद्देशामागे आंतरराष्ट्रीय करार, परकीय चलन आणि वेळापत्रक उभे राहिले, तो पुरा झाला. ज्यामागे ते नव्हते तो सिंचनाचा उद्देश रखडला. साहाय्याने पाणी निर्माण केले नाही, पाण्यावरील दाव्यांचा क्रम ठरविला.

महापालिकेच्या दैनंदिन जलसाठ्याच्या तक्त्यावरून या क्रमाचे मोजमाप सहज करता येते. सात तलावांचा एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मा. त्यात तानसा १,४५,०८०, मोडकसागर १,२८,९२५ आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेली मध्य वैतरणा १,९३,५३० मिळविल्यास, शहापूर तालुक्यात वा त्याच्या सीमेवर साठणारे पाणी सुमारे ८२ टक्के होते. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. तालुक्याच्या पुरवठ्यासाठी पुढे जी योजना आखली गेली, ती इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून, म्हणजे घाटावरून, पाणी खाली आणण्याची. पायथ्याशी भातसा असताना माथ्यावरून पाणी आणावे लागते, यात अभियांत्रिकीचे कारण आहे : पाणी गुरुत्वाने खाली येते, वर चढत नाही, आणि पाडे धरणाच्या पातळीहून उंचावर आहेत. हे कारण खरे आहे. परंतु पिसे येथे मुंबईसाठी पाणी उचलावेच लागते, हेही तितकेच खरे आहे. उंचीचा अडथळा कोणासाठी ओलांडावयाचा हे अभियांत्रिकी ठरवीत नाही.

बुडालेल्या जमिनीचा प्रश्न याहून कठीण आहे. विस्थापितांविषयी जागतिक बँकेने आपले पहिले औपचारिक धोरण फेब्रुवारी १९८० मध्ये काढले. पहिले दोन करार त्यापूर्वीचे, १९७३ व १९७८ चे. शिवाय साहाय्य पाणी वाहून नेण्याच्या यंत्रणेला होते आणि धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचे होते, त्यामुळे ज्यांच्या शेतावर पाणी साठले ते साहाय्याच्या कागदात बसतच नव्हते. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये आला, भातसाच्या भूसंपादनाची सुरुवात त्याच्या अगोदरची. अशा रीतीने दोन्ही संरक्षणांच्या आधीच्या सांध्यात हे लोक सापडले, आणि त्यांच्या मागण्या पुढे अनेक दशके मोर्चा-उपोषणांतून मांडल्या जात राहिल्या. करारात दोनच पक्ष असतात, देणारा आणि घेणारा. ज्याच्याकडून काही घेतले गेले असा तिसरा पक्ष त्या व्याकरणात नाही. संस्कृत व्याकरणाची भाषा वापरावयाची तर येथे कर्ता आहे, कर्म आहे, संप्रदान आहे. अपादान, म्हणजे ज्यापासून वस्तू सुटली ते, वाक्यातून गाळलेले आहे.

मुरबाडकरांनी यातून धडा घेतला असे म्हणण्यास जागा आहे. काळू नदीवर महानगराच्या पाण्यासाठी धरण बांधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ग्रामसभा, वनहक्क आणि वनपरवानगी हे मुद्दे पुढे आले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते काम थांबले. त्या योजनेत विदेशी साहाय्य नव्हते. तोवर सवलतीच्या विदेशी साहाय्याचे महत्त्वच ओसरले होते : २००३ मध्ये भारताने बहुतेक लहान देशांची द्विपक्षीय मदत नाकारली, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय विकास संघाच्या पात्र देशांच्या यादीतून तो बाहेर पडला, १९६४ पासून तांत्रिक सहकार्य देणाऱ्या या देशाने २०१२ मध्ये त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयात स्वतंत्र विभागही काढला. खाजगी देणग्यांचा ओघ विदेशी अंशदानाच्या १९७६, २०१० व २०२० च्या कायद्यांनी उत्तरोत्तर आवळला. अखेरच्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळविलेला निधी दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी केली, आणि तालुक्यातल्या लहान संस्था अशा दुसऱ्या हाताने मिळणाऱ्या निधीवरच बहुधा चालत.

या साऱ्या काळात खावटीचे काय झाले, हे पाहणे भाषिक दृष्ट्या उद्बोधक आहे. आदिवासी विकास महामंडळामार्फत राज्याने 'खावटी कर्ज योजना' चालविली, म्हणजे सावकाराचा शब्द सरकारने आपल्या नावावर घेतला. वसुली दुष्कर ठरली. २०२० मध्ये, महासाथीच्या वर्षी, योजनेचे नाव 'खावटी अनुदान योजना' झाले : प्रत्येक पात्र कुटुंबास चार हजार रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, परतफेड नाही. शेकडो वर्षे ऋणाचा वाचक असलेला शब्द शासननिर्णयाच्या एका ओळीने देयधर्माच्या बाजूला आला. भातसाच्या पहिल्या पतसाहाय्याची पन्नास वर्षांची मूळ मुदत त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२३ मध्ये, भरते. वॉशिंग्टनचा हिशेब त्या तारखेशी मिटावयाचा होता. बुडालेल्या जमिनीच्या हिशेबाला मात्र कोणत्याच कागदावर मुदत घातलेली नव्हती.